अदलाबदलीची शर्यत

पार्नू, ११ एप्रिल

तावी,

पाकिटाच्या मागे आईचं नाव आहे आणि आत मी आहे. माझं नाव दिसलं असतं तर तू ते न फोडता स्टोव्हमध्ये घातलं असतंस, म्हणून ही लबाडी. अक्षर ओळखून आताही घालू शकतोस. पण तिकीट लावून समुद्रापार पाठवलंय, तर निदान पहिलं पान वाच.

फोन करून पाहिले. तू उचलतोस, माझा आवाज ऐकतोस आणि ठेवतोस. दर जुलैत मी संघ घेऊन परदेशी गेलो की तू कोत्काहून येतोस, आईचं छप्पर दुरुस्त करतोस, लाकडं फोडून रचून ठेवतोस आणि मी परतायच्या आदल्या दिवशी निघून जातोस. एकवीस वर्षं हे चाललंय. छप्पर झकास झालंय, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. गेल्या हिवाळ्यात एक थेंब गळला नाही.

आता कामाचं बोलतो. क्लबने नवी बोट घेतलीय, चौघांची, आठ वल्ह्यांची. इतकी हलकी की दोघांनी सहज डोक्यावर धरावी. तिला माझं नाव द्यायचं असं समितीने ठरवलं. मी म्हटलं, पूर्ण नाव नको, नुसतं आडनाव, ‘पायू’, लिहा. पायू म्हणजे बाबाही आले, मी आलो आणि तूही आलास. बाबांनी तेव्हा आपल्यावर राज्य करणाऱ्या त्या मोठ्या देशाच्या झेंड्याखाली वल्हवलं, मी आपल्या झेंड्याखाली, आणि तूही तीन वर्षं राष्ट्रीय संघात होतासच की. समितीला हा मोठेपणा फार आवडला. २५ मे, शनिवार, सकाळी अकरा वाजता आई बोटीच्या नाकावर वाईन ओतणार आहे. आपल्या तेव्हाच्या संघातले मार्गुस आणि अल्लर येणार. म्हातारा येणार, म्हणजे आपला जुना कोच हेइनो. ब्याऐंशी वर्षांचा झालाय, पण अजूनही आपण चुकीचा श्वास घेतला तरी त्याला ऐकू जातं. इंद्रेक तेवढा ऑस्ट्रेलियात असतो.

तू यावंस. तालिनपर्यंतच्या बोटीचं तिकीट मी काढतो. आई सांगते, फेरीबोटीवरसुद्धा तू आत, खिडकीपासून लांब बसतोस. एकवीस वर्षांत वल्ह्याला हात लावला नाहीस म्हणे. कमाल आहे तुझी. एका शर्यतीत जागा गेली म्हणून कुणी पाण्याशीच वैर धरतं का?

त्या वसंतात मी तुला क्लबच्या दारात म्हणालो होतो, ‘घड्याळ खोटं बोलत नाही, तावी.’ ते जरा लागण्यासारखं होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो, पदकाचं वेड होतं, सोडून दे आता. तेवढ्यासाठी भाऊ टाकायचा असतो का?

ये. आई रेवाचिनीचा केक करणार आहे.

व्हेइको

पार्नू, २८ एप्रिल

तावी,

उत्तर नाही. पत्र पोचलं हे मात्र कळलं. आईला फोनवर ‘मिळालं’ म्हणालास आणि लगेच तिच्या गुडघेदुखीच्या विषयावर गेलास. तिने विचारलंच असेल, काय लिहिलंय म्हणून. तुम्ही दोघं काहीही न बोलता अर्धा तास फोनवर कसे काढता ते तुमचं तुम्हालाच ठाऊक.

आज दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. ही गोष्ट समजेल असा माणूस मला दुसरा दिसत नाही. इथे कुणाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ती देशभर होईल. आपला देश तो केवढा. आख्ख्या देशात जगाच्या शर्यतीत बसवण्याजोगी आठ पोरं आहेत. त्यातून चार निवडायची. उरलेली चार पुढे आयुष्यभर किराणा दुकानात या चौघांच्या आयांना भेटत राहतात.

काल अदलाबदलीची शर्यत घेतली. तुला ती काय सांगायची, पण क्रमाने लिहितो, म्हणजे मलाच नीट दिसेल. दोन बोटी, चार-चार जण. दीड हजार मीटर. किती सेकंदांचा फरक पडला ते लिहायचं. मग नदीतच दोन्ही बोटी एकमेकींना लावून धरायच्या आणि या बोटीतला एक त्या बोटीत, त्या बोटीतला एक या बोटीत, मोज्यांवरच पाऊल टाकत जायचं. बाकी सहा जागच्या जागी. पुन्हा तेच अंतर. फरक जेवढा बदलला तेवढा त्या दोघांमधला फरक. यात एकच भोक आहे. बाकीच्या सहा जणांनी दोन्ही फेऱ्यांत सारखीच ताकद लावली, असं आपण धरून चालतो.

रौनो नावाचा पोरगा आहे, विल्यांदीचा, बावीस वर्षांचा. अंगाने सडपातळ, पण त्याच्या हातात वल्हं पडलं की बघत राहावं. त्याच्या मागच्या जागेवर योसेप बसतो. योसेप चोवीसचा. दोघं एकाच खोलीत राहतात, एकाच पातेल्यातलं खातात. काल रौनोची बोट पहिल्या फेरीत एका सेकंदाने जिंकली. मग रौनोला काढून दुसऱ्या बोटीतल्या, तार्तू गावच्या पोराला तिथे बसवलं, तर तीच बोट साडेतीन सेकंदांनी जिंकली. म्हणजे रौनो अडीच सेकंदांनी कमी पडला. कागदावर अगदी साफ.

पण मी मोटरबोटीत त्यांच्या शेजारून जात होतो, तावी. वल्हं पाण्यातून निघालं की मागे भोवरा राहतो ना, तो बघत होतो. पहिल्या फेरीत योसेपचे भोवरे उथळ होते. फेसाळ, वरच्यावर, लगेच मिटणारे. पाठ तशीच वाकत होती, तोंड तसंच वासलेलं, धापाही तशाच. सगळं बरोबर होतं, फक्त पाण्यात काही जात नव्हतं. दुसऱ्या फेरीत भोवरे काळेभोर, खोल. रौनो हरला की योसेपची जागा पक्की; जिंकला असता तर पुढच्या शर्यतीत अदलाबदलीची पाळी योसेपची होती.

हे मला कसं कळलं ते विचारू नकोस.

किनाऱ्यावर आल्यावर रौनो माझ्याकडे आला. ओले मोजे हातात. म्हणाला, “कोच, मी खरंच इतका हळू आहे का? आज मला तर बरं वाटत होतं.”

आणि माझ्या तोंडून काय निघालं, ओळख बघू. “घड्याळ खोटं बोलत नाही, पोरा.” तेच शब्द, तसेच.  मी बोटींच्या शेडमागे जाऊन उभा राहिलो.

निवडलेल्या चौघांच्या नावांची यादी २७ मेला वल्हवण्याच्या महासंघाकडे जाते.

व्हेइको

पार्नू, ९ मे

तावी,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो. आईच्या शेजारच्यांची लायलॅक फुललीय, आईने कुंपणातून हात घालून फांदी तोडली आणि वर त्यांनाच खिडकीतून हात केला. तुला हसू आलं असतं.

तुला एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. त्या वसंतातली. तेव्हा तुझी बरगडी दुखत होती, आठवतं? डाव्या बाजूची, काखेच्या खाली. आपल्या धंद्यातलं नेहमीचं दुखणं, तडा गेलेली बरगडी. तू ती सगळ्यांपासून लपवलीस. फक्त मला ठाऊक होतं, कारण रोज सकाळी पट्ट्या बांधायचं काम घरातच चालायचं. मला काळजी वाटायची. अशा बरगडीने तू उन्हाळाभर वल्हवलं असतंस तर ती पार मोडली असती, फुप्फुसात घुसली असती, काय सांगावं.

म्हणून मी शर्यतीच्या आधी म्हाताऱ्याला हळूच म्हणालो, की अदलाबदल करायचीच तर तावीची करा. त्याचं मन आधीच अल्लरकडे झुकलेलं होतं. मी नसतो बोललो तरी त्याने तेच केलं असतं, पण बोललो एवढं खरं. तुझ्या भल्यासाठीच बोललो. हे एवढ्या वर्षांत तुला सांगायला हवं होतं. जागा गेल्यावर तू इतका तोडून टाकशील असं मला वाटलं नव्हतं. वाटलं, पोरगं चार महिने रुसेल आणि पुढच्या वसंतात पुन्हा येईल.

झालं. सांगून टाकलं. आता तरी येशील का २५ तारखेला?

योसेपचं अजून काही केलेलं नाही. रौनो रोज सगळ्यांच्या आधी येतो आणि वल्हवायच्या यंत्रावर एकटाच बसतो. आपण हळू आहोत असं त्याला पटलंय आणि त्यामुळे तो आता खरोखरच हळू व्हायला लागलाय.

व्हेइको

पार्नू, १८ मे

तावी,

तुझं कार्ड मिळालं. एकवीस वर्षांनी चार वाक्यं. मला ती पाठ झालीत, पण इथे उतरवतो, कारण मला ती माझ्या हाताने लिहायची आहेत.

‘बरगडी तुझी होती. मी पट्ट्या बांधायचो. मी कुणाला बोललो नाही. आता लिहू नकोस.’

कार्ड वाचून मी खुर्चीत बसलो तो आईचा जेवायला बोलावणारा फोन येईपर्यंत उठलो नाही. शर्ट वर करून आरशात पाहिलं. डाव्या बाजूला, काखेच्या खाली, हाड सांधलं तिथला उंचवटा अजून हाताला लागतो. तावी, तू विश्वास ठेवणार नाहीस, पण गेल्या आठवड्यात ते पत्र लिहिताना बरगडी तुझीच होती असं मला खरंच वाटत होतं. पट्ट्या बांधणारे हात मला आठवत होते आणि ते माझे आहेत असं मी धरून चाललो होतो. इतकी वर्षं मी स्वतःला ती गोष्ट अशी सांगत आलो की तिच्यातलं हाडसुद्धा मी तुझ्या अंगात नेऊन बसवलं.

लिहू नकोस म्हणालास. लिहितोय. हे एक आणि आणखी एक, मग थांबतो.

म्हाताऱ्याला मी काहीही बोललो नव्हतो. तेही खोटं. झालं ते असं.

पहिल्या फेरीत तू सर्वांत पुढच्या जागेवर होतास, तुझ्या मागे मी, माझ्या मागे मार्गुस, शेवटी इंद्रेक. समोरच्या बोटीत अल्लर. तुझ्या आणि अल्लरच्या जागेची अदलाबदल होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तू टिकलास तर दुपारी माझी पाळी, हेही मला ठाऊक होतं. माझी बरगडी तडकलेली. दुपारी माझी पाळी आली असती तर मी पडलो असतो. म्हातारा जखमी माणसाला एक दिवस ठेवत नव्हता.

तुझी पाठ माझ्यासमोर होती. मानेवरून घाम वाहत होता. मी सगळं केलं, वाकलो, ओढल्यासारखं केलं, ओरडलो. आणि ओढलं नाही. दीड हजार मीटर मी तुझ्या पाठीकडे बघत होतो आणि ओढत नव्हतो. माझ्या वाट्याचंही तू ओढत होतास, आणि तरी आम्ही एका सेकंदाने जिंकलो.

आता तुझ्या मनात येईल, बरगडी दुखत असेल म्हणून ओढवलं नसेल. नाही. ही पळवाट मीही शोधून पाहिली. दुसऱ्या फेरीत तीच बरगडी होती, तू सकाळी बांधलेल्या त्याच पट्ट्या होत्या आणि मी जिवाच्या आकांताने ओढलं. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. बोट साडेतीन सेकंदांनी जिंकली. तू शेजारच्या बोटीत होतास. ती संपल्यावर तू माझ्याकडे बघून हसलास आणि हाताने विचारलंस, बरगडी ठीक आहे ना?

ते मी कधी विसरलो नाही. एवढं मात्र खरं आठवतं.

मग मी तुला घड्याळाचं ते वाक्य ऐकवलं. मग जून आला, सणाच्या शेकोटीच्या रात्री सगळ्या शेजाऱ्यांसमोर बाबा तुला म्हणाले, “थोरल्यात आहे ते तुझ्यात नाही, हे एकदा मान्य कर, म्हणजे सुटशील.” मी बाजूला बसून धुरावलेले मासे खात होतो. मी आणखी एक मासा घेतला. सप्टेंबरात आम्ही कांस्य घेऊन आलो, राष्ट्राध्यक्षांचा फोन आला, शाळेतली पोरं झेंडे घेऊन उभी राहिली आणि तू त्याच आठवड्यात कोत्काला गेलास. मी सगळ्यांना सांगितलं, हरणं पचवता आलं नाही त्याला.

काल योसेपला सौनामध्ये गाठलं. दोघंच होतो. मी म्हटलं, “पहिल्या फेरीत तू ओढलं नाहीस.”

त्याने तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफेतून माझ्याकडे बघितलं. पोरगा घाबरलेला नव्हता. “कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. भोवरे पाहिले मी.”

“भोवरे!” तो हसला. “कोच, वारा होता, लाटा होत्या. भोवऱ्यांवरून कुणाला संघातून काढलंय कधी? रौनो माझा मित्र आहे. मी असं करीन असं तुमच्या मनात तरी कसं आलं?”

मी टॉवेल उचलून बाहेर आलो. त्याने विचारलं त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते दिलं की माझ्याकडे काही उरत नाही. कोचची नोकरी नाही, बोटीवरचं नाव नाही, आईचं तोंड बघायची हिंमत नाही. पण ते दिलं नाही तर रौनो आयुष्यभर कुणाच्या तरी छपरावर बसेल आणि फेरीबोटीत खिडकीपासून लांब.

मला भीती वाटतेय, तावी. पंचेचाळीस मिनिटं झाली, पुढचं वाक्य सुचत नाही. इथेच थांबतो.

व्हेइको

पार्नू, २७ मे

तावी,

हे शेवटचं.

शनिवारी साठ-सत्तर माणसं जमली होती. बोट दोन तिवयांवर ठेवली होती, नाव कापडाने झाकलेलं. आई नवा निळा कोट घालून बाटली धरून उभी. समितीच्या अध्यक्षांनी भाषण केलं, त्यात माझ्या मोठेपणाचा उल्लेख दोनदा आला. मग मला बोलायला सांगितलं.

मी आधी पोरांना, त्या आठ जणांना, पुढे बोलावलं. योसेप हाताची घडी घालून उभा होता. म्हटलं, “तू मला विचारलंस की मला कसं कळलं. मला कळलं कारण मी हे केलंय. इथेच, याच पाण्यात, माझ्या सख्ख्या भावासोबत.” आणि तुला गेल्या पत्रात लिहिलं ते सगळं सांगितलं. बरगडी, पाठ, दुसरी फेरी, पट्ट्या.   लोक मला थांबवतील, निदान कुणीतरी शिवी तरी देईल असं वाटलं होतं. झालं ते वेगळंच.

मार्गुस जमिनीकडे बघत होता. म्हणाला, “आम्हाला ठाऊक होतं, व्हेइको.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“मी तुझ्या मागे होतो. तुझी वल्ही माझ्या डोळ्यांसमोर होती. बोट सांगते रे सगळं. मला वाटलं, तुमचं घरातलं काहीतरी असेल. दुसऱ्याच्या घरातलं कशाला उकरायचं?”

अल्लर रडत होता. सहा फूट पाच इंचांचा तो माणूस, दाढी पांढरी झालीय. म्हणाला, “दुसऱ्या फेरीत मी तुमच्या बोटीत बसलो तेव्हा ती उडाली. मला तेव्हाच कळलं की ती माझ्यामुळे उडत नाहीये. पण पदक कुणाला नको असतं? माझ्या दिवाणखान्यात टांगलंय ते. तावीला लिहीन लिहीन म्हणत राहिलो.”

मग सगळे म्हाताऱ्याकडे बघायला लागले. तो खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर शाल. मी विचारलं, “तुम्हालाही ठाऊक होतं?”

“मी कोच होतो. मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?”

“मग थांबवलं का नाहीत?”

म्हातारा म्हणाला, “मला वाटलं, जो स्वतःच्या भावाला असं बुडवतो, तो शेवटच्या अडीचशे मीटरमध्ये कुणालाही सोडणार नाही. मला असा माणूस हवा होता.” मग मान हलवली. “चुकलो. तावी बोटीत असता तर आपण तिसरे आलो नसतो. तो तुमच्या आठांत सर्वांत वेगवान होता. नुसता अल्लरपेक्षा नाही, तुझ्यापेक्षाही. हिवाळ्यापासूनचे आकडे होते माझ्याकडे. तुला बाहेर बसवायचं मी जवळपास ठरवलं होतं.”

म्हणजे बघ. मी समजत होतो की मी एक गुपित सांभाळतोय. त्या गुपितावर म्हातारा, मार्गुस, अल्लर आणि बहुतेक इंद्रेकही बसलेले होते, एकवीस वर्षं, मूग गिळून. इंद्रेकला मी काल ऑस्ट्रेलियात फोन केला. “अजून कळलं नव्हतं का कुणाला?” असं म्हणाला. ठाऊक नव्हतं ते फक्त तुला. आणि आई-बाबांना.

आईने बाटली बाकावर ठेवली. बोटीवर वाईन ओतली गेली नाही. अध्यक्षांनी ते कापड तसंच बोटीभोवती गुंडाळलं. आई मला म्हणाली, “घरी सोड.”  फाटकाशी उतरताना ती गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. “तुझे बाबा शेकोटीजवळ त्याला बोलले तेव्हा तू शेजारी बसला होतास.”

मी हो म्हटलं.

“ते मरेपर्यंत तसंच समजत होते. मी पण.” एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. काल दिवसभर उघडलं नाही. आज सकाळी तिच्या पायरीवर माझ्या डब्यात केकचा तुकडा होता. त्याचा अर्थ मी लावत बसलेलो नाही.

नोकरी गेली. महासंघाने रविवारीच फोन करून सांगितलं, आवाजात राग नव्हता, तेच वाईट वाटलं. पण यादी जायच्या आधी शर्यत पुन्हा घ्यायची, हे मी मान्य करून घेतलं. आज पहाटे ती झाली. मी पुलावरून बघितलं, किनाऱ्यावर उभं राहायची मला परवानगी नव्हती. योसेपला त्यांनी त्याच जागेवर बसवलं, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्या वल्ह्यांवर होते म्हणून असेल किंवा लाजेने असेल, त्याने दोन्ही फेऱ्यांत जीव तोडून ओढलं.

रौनो हरला. सेकंदाच्या चार दशांशाने. तार्तूचा पोरगा खरोखरच थोडा सरस निघाला. मला वाटलं, हे असं व्हायचं होतं तर मी सगळं कशासाठी जाळलं? मी पुलावरून खाली आलो तेव्हा रौनो सायकलचं कुलूप काढत होता. माझ्याशी बोलेल असं वाटलं नव्हतं. म्हणाला, “चार दशांश. चार दशांश मी हिवाळ्यात भरून काढीन.” चेहरा लाल झालेला, डोळे ओले, पण माझ्याकडे सरळ बघत होता. राखीव म्हणून तो संघाबरोबर चाललाय.

त्याला पुन्हा ओढायला मिळालं. तुला मिळालं नाही, ते मी काढून घेतलं. चोवीसाव्या वर्षी तू हिशेब केलास की आपल्यात कमी आहे, आणि त्या हिशेबावर बाकीचं सगळं उभं केलंस. कोत्का, छपरं, खिडकीपासून लांबची खुर्ची. तू एकटाच राहतोस, तेही कदाचित त्यातूनच. ते मला परत देता येत नाही. माफ कर असं मी लिहिणार नाही, कारण मग उत्तर द्यायचं ओझं पुन्हा तुझ्यावरच पडेल.

फक्त म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर म्हटलेलं तुझ्यापर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हे पत्र. माझ्याकडून नको असेल तर त्याला विचार, त्याचा नंबर खाली लिहिला आहे. तो कानाने बरा आहे, सकाळी दहानंतर कर.

तू हळू नव्हतास, तावी. तू आमच्या आठांत पहिला होतास, आणि हे तू सोडून संघातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

व्हेइको